वाटून टाकलेले दगड

पुणे, ४ नोव्हेंबर २०२४

ती. आबांस,

प्रज्ञाचा सविनय जयभीम. वि. वि. फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येत नाही आणि मी ओरडून बोलले की विभागातली सगळी माना वळवून बघतात, म्हणून पत्र.

आईकडून कळलं, की हिमाचलातून आणलेलं माझं दगडांचं पोतं तुम्ही वाटून टाकलं. आबा, ते माझ्या पीएचडीचे नमुने आहेत. पुण्यापर्यंत एकटीने ओढवेना म्हणून घरी ठेवले होते. फिरायला गेले होते आणि येताना पेढे आणले, अशातला भाग नाही. प्रत्येक दगडावर पांढऱ्या रंगाने क्रमांक घातला होता, तो काय मी हौसेने?

सगळेच परत हवेत, पण लाल खड्यांचा, नारळाएवढा दगड तर हवाच. ते खडे म्हणजे गार्नेट. जमिनीच्या पोटात खोल दबून, तापून दगड बदलतो तेव्हा ते वाढतात, आणि डोंगर कधी, कसा वर आला ते त्यांच्यावरून काढता येतं. माझं शेवटचं प्रकरण त्या एका दगडावर उभं आहे. महिनाअखेरीला तो तपासायची तारीख मिळाली आहे. ती हुकली तर नवा आणायला पुन्हा वर जावं लागेल आणि बर्फामुळे ती वाट जूनपर्यंत बंद. म्हणजे माझं वर्ष गेलं.

ज्याला ज्याला दिले त्याच्याकडून मागून आणा. लोभ आहे तसाच असू द्या, दगड मात्र आणखी कुणाला देऊ नका.

आपली,
प्रज्ञा

नरडाणा, ९ नोव्हेंबर

चि. प्रज्ञास,

अनेक आशीर्वाद व जयभीम. पत्र पावलं. बापाला असं टाकून बोलायला पुण्यात शिकवतात वाटतं. भुसावळला रेल्वेत होतो, तेव्हा साहेबसुद्धा माझ्याशी अशा भाषेत बोलले नाहीत.

तू हिमालयात जाऊन आलीस हे गावभर झालं. जो येईल तो विचारायचा, पोरीने काय आणलं. काय सांगणार, दगड? मग म्हटलं, दगड तर दगड, हिमालयाचा आहे. लोक दोन्ही हातांनी घेत होते. पोरगी तिथवर पोचली याचा मला अभिमान वाटला, त्यात गुन्हा काय झाला ते मला अजून समजलेलं नाही.

मागायला निघालो आहे. दिलेली वस्तू परत मागताना तोंड कुठे लपवावं कळत नाही. तुझ्या प्रमिलामावशीने दोन दगड लिंबाच्या लोणच्यावर दाब म्हणून ठेवले होते, ते मिठाने पांढरे पडलेत. किराणावाल्या ज्ञानेश्वरने एकाला शेंदूर लावला आहे. मंगळवारी उठवता येणार नाही म्हणतो, बुधवारी आणतो. तुझा नारळाएवढा शेजारच्या झुंबरबाईकडे आहे. तोही आणतो.

तुझी आई तुझ्यापेक्षा जास्त बोलते आहे, तेव्हा तू जरा कमी बोललीस तरी चालेल. वेळेवर जेवत जा. या म्हाताऱ्यावर माया राहू दे.

तुझा,
आबा

पुणे, १८ नोव्हेंबर

ती. आबांस,

सविनय जयभीम. पोतं पोचलं. नेमका तो दगड त्यात नाही. आई सांगते, तुम्ही झुंबरबाईकडे तीनदा गेलात आणि तीनदा चहा पिऊन आलात. रेल्वेच्या साहेबांशी भांडणारा माणूस शेजारणीकडे एक दगड मागू शकत नाही? माझी पाच वर्षं त्या चहात बुडवायची आहेत का? तारीख तोंडावर आली आहे.

चिडून लिहिते आहे, म्हणून आशीर्वाद कमी करू नका.

प्रज्ञा

नरडाणा, २२ नोव्हेंबर

चि. प्रज्ञास,

आशीर्वाद व जयभीम. तीनदा चहा प्यालो हे खरं आहे.

झुंबरबाईचा पोरगा रुपचंद केळीचा ट्रक घेऊन उत्तरेला जायचा, तुला ठाऊक आहे. दोन वर्षांपूर्वी हिमाचलातच ट्रक नदीत गेला आणि त्याचं काही हाती लागलं नाही. दगड देताना हे माझ्या डोक्यातही नव्हतं. तिने तो रुपचंदच्या फोटोखाली ठेवला आहे. मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, की मना रुपचंद तठेच शे, नि हाऊ दगड तठलाच शे. पोरगा जिथे राहिला तिथलाच हा दगड, असं तिने धरलं आहे. आता कसा मागू?

तू म्हणशील तर उद्या जाऊन घेऊन येतो. तुझं वर्ष जाताना मला बघवत नाही. पण सांगायचं तुलाच आहे, माझ्याच्याने ठरत नाही.

तुझा,
आबा

पुणे, २७ नोव्हेंबर

ती. आबांस,

सविनय जयभीम. हे आधीच लिहिलं असतंत तर मी तसं बोलले नसते. कालपासून रडते आहे आणि अजून तुमचा रागही येतो आहे.

मागू नका. तारीख मी सोडून दिली. सर फार वैतागले, त्यांचंही बरोबर आहे. धुळ्यात तासिकेवर शिकवायला मिळतं का बघते. घरी राहीन, म्हणजे तुम्हाला आणखी काही वाटता येणार नाही. जूनमध्ये पुन्हा वर जाईन.

एक काम करा. रुपचंदचा ट्रक नेमका कुठे गेला, ते झुंबरबाईला हळूच विचारून कळवा. माझा दगड तिथला नाही, आबा. मी ज्या खोऱ्यात होते तिथे ट्रक जाईल असा रस्ताच नाही. हे तिला सांगायची माझी हिंमत नाही, तुम्हीही सांगू नका. ती जागा कितीही आडवाटेला असली तरी मी आधी तिथे जाईन, आणि तिथला दगड आणून तिच्या हातात देईन.

तुमच्या मायेतच ठेवा.

आपली,
प्रज्ञा