मुगाच्या पुरचुंड्या

बेळगाव, ८ फेब्रुवारी १९५८

तीर्थस्वरूप,
लेकीच्या घरून मनोरमेचा नमस्कार. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत, काळजी नसावी. दारच्या आंब्याला मोहोर आला का?

काल आपल्या शेजारची सुगंधा इथे लग्नाला आली होती. हसत म्हणाली, "वैनी, तुमचे मूग खावन आमच्यो कोंबड्यो बऱ्यो मातल्यो! भावजींका सकाळी माजी तांदळाची घावनांच व्हयी, तीपण नारळाच्या गोड रसात बुडवून."

निघताना मी मुगाच्या चाळीस पुरचुंड्या बांधून ठेवल्या होत्या. रोज एक भिजवायची, उसळ करायची, सोबत नाचणीची पेज. पोट भरेल आणि वजन उतरेल, असं डॉक्टरांनी तुमच्या छातीत कळ येते म्हणून सांगितलं होतं. तुमच्या प्रत्येक पत्रात 'मूग-पेज घेतली' असं आहे. मिशनच्या सिस्टरांच्या शाळेत वाढलेली मी, लिहिलेलं खरं मानते. इथे पानात गरम पोळी असायची, तरी तुमच्या सोबतीला मी पेजच प्यायले.

लग्नानंतरची माझी पहिली घावनं फाटली होती. तुम्ही सगळी संपवलीत, 'छान झालीत' म्हणालात. तेव्हाचं खोटं किती गोड वाटलं होतं.

आता न्याहारीला काय खाल्लंत ते लिहू नका. कळ येते का, तेवढं मात्र खरं लिहा.

तुमचीच,
मनोरमा