कानाने मोजलेलं पाणी

बाबा, तुम्ही गेलात तेव्हा माझी लेक शाळेत होती, आणि आता तीच मला दम देते. हे मी जाड स्केचपेनने लिहिते आहे. डाव्या हाताची चार बोटं कागदावर आडवी ठेवायची, त्यांच्या वर एक ओळ लिहायची, मग बोटं खाली सरकवायची. कारण माझे डोळे गेलेत. पुरते नाही. डॉक्टर म्हणतात, पडदा मधोमध झिजलाय. कडेकडेचं दिसतं, समोरचं नाही. दारात कोणी उभं राहिलं तर चौकट दिसते, माणसाचं तोंड दिसत नाही. रडून झालं, देवाला बोल लावून झाला. आता रोजचं जगायचं कसं ते बघायचं.

मागच्या महिन्यात माझ्या हातून दूध उतू गेलं. मी फोनवर बोलत होते, शेगडी विझली आणि गॅस तसाच चालू राहिला. समोरच्या ब्लॉकमधल्या बाईंना वास आला म्हणून निभावलं. लेकीच्या कानावर गेलं तशी ती दिंडोशीहून रिक्षा करून मुलुंडला हजर. म्हणाली, गॅस काढून टाकू, डबा लावू, नाहीतर सरळ माझ्याकडे राहायला ये. तिचं घर चांगलं आहे, जावई गुणी आहे, पण तिथे मी पाहुणी. पाण्याचा पेलासुद्धा कोणीतरी हातात आणून देणार. मी म्हटलं, दुधाने तोंड पोळलं तर माणूस ताक फुंकून पितो गं, तू तर ताकच बंद करायला निघालीस. तिला राग आला. तिचं चुकत होतं असं नाही, गॅस म्हणजे काही खेळ नव्हे. पण मीही तुमचीच मुलगी, हटले नाही. शनिवारी ये, म्हटलं, ओट्याजवळ स्टूल टाकून बस आणि तोंडाला कुलूप लाव. मी वरण, भात, काचऱ्या आणि शेवटी चहा करते. एक जरी गोष्ट धोक्याची झाली तर गॅस काढ आणि मला घेऊन जा. नाही झाली तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. ती कबूल झाली.

शब्द तर देऊन बसले, आणि मग तुम्ही आठवलात. घाटकोपरची आपली दोन खोल्यांची जागा. पहाटे पाणी येतंय, नळाखाली पत्र्याचं पिंप आहे आणि मी त्याच्यापाशी पेंगत उभी आहे. तुम्ही माझ्याकडे पाठ करून दाढी करताय. पिंप काठोकाठ भरायच्या जरा आधी तुम्ही म्हणता, बंद कर. मला वाटायचं, तुम्हाला आरशात दिसतं. मग एक दिवस तुम्ही माझ्याच डोळ्यांवर रुमाल बांधलात. पिंप रिकामं असताना पाण्याचा आवाज जाड येतो आणि भरत जाईल तसा बारीक होत चढतो. वर उरलेली हवा आखूड होते, आखूड बासरी उंच वाजते, एवढंच त्यातलं शास्त्र. तुम्ही भौतिकशास्त्राचे मास्तर, पण तुमची प्रयोगशाळा शाळेत कमी आणि आईच्या ओट्यावर जास्त. गरम पाणी ओतताना मऊ आवाज येतो आणि गार पाण्याचा टणक येतो, हे पटवायला तुम्ही आईला भिंतीकडे तोंड करून उभं केलंत. ती म्हणाली, "चहा प्यायचाय की ऐकायचाय?" पण भाताला पाणी ती बोटाच्या पेराने मोजायची, पातेलं लहान असो की मोठं, तांदळावर पेरभर. ते बघून तुम्ही हरखलात. तांदूळ आपल्यापुरतं पाणी पितो, वरचं पेरभर वाफेला जातं, आणि पातेलं रुंद असलं तर वाफही जास्त जाते, असं तुम्ही सगळ्यांना सांगत सुटलात. घरातलं एकेक पातेलं काढून बोट बुडवत बसलात, तेव्हा आईने तुम्हाला स्वयंपाकघरातून हाकलून दिलं.

रागावलात तो दिवसही आठवतो. तुम्ही विचारलंत, या तांब्यात पाणी किती? मी म्हटलं, अंदाजे लिटरभर. अंदाजे म्हणजे किती इकडेतिकडे? मला सांगता येईना. तेव्हा म्हणालात, "अंदाज चुकला तर चालतो. पण किती चुकेल हे ठाऊक नसेल, तर तो अंदाज नाही, थाप आहे." एवढ्याशा पाण्यावरून एवढं बोलायचं? मी फुरंगटून जेवले नव्हते.

मग शनिवारपर्यंत मी तालीम केली. आधी गार पाण्याने, पेला ताटात ठेवून. पहिल्या दिवशी ताटाचं तळं झालं. मग कान बसत गेला. काचऱ्या तर कानानेच करायच्या असतात हे मला आत्ता या वयात कळतंय. बटाट्यातलं पाणी असतं तोवर तेल चुरचुरतं, पाणी संपत आलं की गप्प होतं, तेव्हा उतरवायच्या. ज्योत समोरून दिसत नाही, मान वळवून डोळ्याच्या कोपऱ्याने बघितली की निळी कड दिसते. लोकांना वाटेल बाई शेगडीवर रुसली आहे.

शनिवारी लेक स्टुलावर बसली. बोलत नव्हती, पण मी तेलाकडे हात नेला की स्टूल करकरायचं. वरण झालं, भात मोकळा झाला, काचऱ्या उतरल्या. चहात दूध घातलं आणि तो वर येतानाचा आवाज ऐकत बटणावर हात ठेवून उभी राहिले. तेवढ्यात शेजारच्या सोसायटीत काँक्रीट फोडायचा ब्रेकर सुरू झाला. ती इमारत रिडेव्हलपमेंटला गेली आहे, दिवसभर पाडापाडी चालते. अख्खी खिडकी थरथरू लागली. चहा उकळतोय की ओट्यावर आलाय, मला काही म्हणता काही ऐकू येईना. मी गॅस बंद केला. पातेल्यापासून लांब झाले आणि मोठ्याने म्हटलं, हा आवाज थांबेपर्यंत चहा होणार नाही. आम्ही दोघी तशाच थांबलो. बऱ्याच वेळाने ब्रेकर बंद पडला, मग मी शेगडी पुन्हा पेटवली, चहा उकळला आणि कान देऊन कपात गाळला. कप भरला, बशी कोरडी.

लेकीने सगळा चहा पिऊन कप खाली ठेवला. मग म्हणाली, "आई, तू गॅस बंद केलास ना, म्हणून मी तुला इथे ठेवून जातेय. नुसतं नीट रांधलं असतंस तर नसते गेले." गॅस गळला की वाजणारी पेटी ती बसवणार आहे, आणि ओट्यापाशी फोन घ्यायचा नाही. दोन्ही मला कबूल. जाताना तिने विचारलं, गॅस बंद करून थांबायचं हे तुला सुचलं कसं? मी ऐटीत म्हटलं, तुझ्या आजोबांनी शिकवलंय, माप चालेनासं झालं की हात आवरायचा. ती म्हणाली, "भारी होते यार आजोबा," आणि मला घट्ट धरलं.

बाबा, ते खरं नव्हतं. त्या क्षणी तुम्ही आठवला नाहीत, काहीच आठवलं नाही. मी घाबरले आणि हात आपोआप बटण फिरवून मोकळा झाला. तिला तसं सांगितलं असतं तर ती मला तेव्हाच घेऊन गेली असती, म्हणून तुमचं नाव पुढे केलं. तिच्या हाती लागू नये म्हणून हा कागद मी फाडून टाकणार आहे. सोमवारी ब्रेकर पुन्हा सुरू होईल, आणि चहा मीच करणार आहे, घाबरत घाबरत का होईना.