बिघडलेलं काम दाखव

आई, गच्चीच्या गळतीसाठी आज सकाळी दोन ठेकेदार येऊन गेले, आणि तेव्हापासून तू डोक्यातून हलायला तयार नाहीस. एकाने चकचकीत कार्ड दिलं, दुसऱ्याने दहा वर्षांची गॅरंटी. दोघांनाही मी तुझाच प्रश्न विचारला. पहिला हसला, दुसऱ्याला राग आला. तुझ्या त्या प्रश्नाने माणसं अशीच बिथरायची, नाही का गं?

तेव्हा मी आठवीत होते. नाना जाऊन वर्षही झालं नव्हतं, आणि वैशाखातल्या वावटळीने मखमलाबादच्या आपल्या घराचे अर्धे पत्रे शेजारच्या वावरात नेऊन टाकले. नानांचा भाऊ या हक्काने काका लगेच हजर, तेही स्वतःच्या ओळखीचा ठेकेदार घेऊनच. त्यांचं म्हणणं सरळ होतं, बाईमाणसाने फुलं विकावीत, घरादाराचं आम्ही बघू. आज छप्पर, उद्या फुलांचा मळा, हे तुला बरोब्बर कळलं होतं. तू पदर सारखा केलास, सगळ्यांना चहा पाजलास आणि सांगून टाकलंस, माणूस मी निवडणार. काकांचा चेहरा अगदी बघण्यासारखा झाला होता.

मग जो येईल त्याला तू एकच म्हणायचीस, "चांगलं काम समदेच दाखवत्यात. तुझं बिघडलेलं काम दाखव." काकांचा माणूस म्हणाला, माझं काम कधी बिघडतच नाही. त्याला तू दारातूनच वाटेला लावलंस. एकाने फोटोंचा अल्बम आणला, तो न उघडताच परत दिलास. एक मिस्त्री मात्र बराच वेळ मान खाजवत बसला. मग म्हणाला, "देवळाली कॅम्पात एक घर हाय. तिथली बाई मला लय शिव्या देती."

दुसऱ्या दिवशी फुलबाजार उरकून आपण दोघी त्याच्याबरोबर बसने देवळाली कॅम्पला. त्या बाईचा नवरा फौजेत, घर सगळं तिच्यावर. मिस्त्रीला बघताच ती जी सुटली! भिंतीला पत्रा टेकतो तिथून गळतं, दुरुस्त केलं तरी पुन्हा गळतं, याला लाज कशी ती नाही. मिस्त्री खाली मान घालून ऐकतोय, आणि तू सिनेमा बघावा तशी रंगून बघतेयस. तिचा दम सरल्यावर तू हळूच विचारलंस, "बोलावलं तर येतो का?"

"येतो मेला," ती म्हणाली. "दरवेळी येतो."

तू तिथल्या तिथे काम त्याला देऊन टाकलंस. परतताना बसमध्ये मी फुगून बसले होते. गळकं काम बघून कुणी माणूस ठरवतं का, असं मला वाटत होतं.

आणि गळलंच की. श्रावणात, नेमके काका ओट्यावर चपला काढत असताना. तू मला दंडाला धरून त्या धारेखाली बसवलंस आणि पुढ्यात पुस्तक ठेवलंस, काकांना जमिनीवर टपटप ऐकू येऊ नये म्हणून. पाणी वेणीवरून पाठीत उतरतंय, काका पोहे खात पोरगी अभ्यासू निघाली म्हणतायत, आणि तू मान डोलावतेयस. ते गेल्यावर आपण दोघी पोट धरून हसलो. मिस्त्री दुसऱ्याच दिवशी आला, भर पावसात पोतं डोक्यावर घेऊन वर चढला. छपराचं तू निभावलंस हे बघितल्यावर काका मळ्याबद्दल बोलायचे, पण तुला विचारून. किती आवडायचीस तू मला तेव्हा!

आज दुपारी तिसरा ठेकेदार आला. गच्चीभर फिरला, भेगा बघितल्या, मग म्हणाला, "मॅडम, साहेब कधी भेटतील? फायनल त्यांच्याशीच करतो."

मी म्हटलं, "साहेब गेले. आता ठरवणारी मीच."

आवाज चांगला खणखणीत निघाला. पण तूही आता नाहीस, हे पत्र कुणाच्या हाती पडायचं नाही, म्हणून तुला सांगते. मी कठडा घट्ट धरून उभी होते आणि माझे पाय लटपटत होते. माझी आई कुणाला म्हणून घाबरली नाही, असं मी इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आले. तुझ्या पायांकडे मी कधी बघितलंच नव्हतं गं.