काचेच्या दाराची शेगडी

१२ नोव्हेंबर
आज जपानात, कोबेतल्या घरात सामान लावलं. दोन वर्षं श्रीहरी इथल्या विद्यापीठात आणि मी पुण्यात. लग्न झालंय ते फोनवरच काय ते कळायचं. आता टेकडीच्या चढावरचं हे जुनं विलायती धाटणीचं घर आणि त्यात आम्ही दोघंच. दिवाणखान्यात खरीखुरी फायरप्लेस आहे. संध्याकाळी लाकडं पेटवली. तोंड भाजलं, पाठ गारठली. तरी एका शालीत बसलो, हे काय थोडं झालं?

२० नोव्हेंबर
मोरिता-सान आले, शेगड्या बसवणारे. ते म्हणाले, उघड्या फायरप्लेसची ऊब धुराड्यातून वर जाते आणि जाताना खोलीतली गरम हवाही ओढून नेते. त्यांनी त्या खोबणीत काचेच्या दाराची बिडाची शेगडी बसवली, धुराड्यात पोलादी नळ सोडला. आता चार लाकडांत घर तापतं. मी स्वेटर काढून ठेवला. श्रीहरी किती तरी वेळ काचेसमोर मांडी घालून बसला होता.

३ डिसेंबर
प्रयोगशाळेतून येतो तो थेट शेगडीपाशी. तिला ओलं लाकूड चालत नाही, तिला हवा जास्त झाली, तिची काच पुसायची राहिली. शेगडी म्हणजे 'ती', हे मराठीच झालं. पण माझं नाव घेताना त्याच्या आवाजात इतकी माया नसते. थालीपीठ लावलं होतं. गार झालं.

११ डिसेंबर
तो नसताना मी पेटवली. तीच सुकी लाकडं. काच काळी पडली, खोलीत धूर कोंडला, बोटं गारच. तो आला, समोर बसला, आणि काच आपोआप निवळत गेली. मला म्हणाला, "तू नको पेटवूस. तिला नाही आवडत." कुणाला, म्हणून विचारलं. त्यानं आणखी एक लाकूड आत सारलं.

१८ डिसेंबर
आज दारातून पाहिलं. ज्वाळांत बाईचा चेहरा. आतून काचेला गाल टेकून होती. यानंही बाहेरून गाल टेकला होता. भाजला नाही. मला भीती वाटायला हवी होती. वाटलं ते एवढंच, की माझ्याकडे तो असं कधी —

२० डिसेंबर
तो कामावर असताना मोरिता-सानना बोलावून शेगडी काढायला लावली. इतकी छान पेटते, का काढता, असं ते विचारत राहिले. मागे नुसत्या विटा. ते बिडाचं धूड ट्रकमध्ये चढलं तेव्हा बरं वाटलं. गेली सवत.

संध्याकाळ
तो चिडला नाही. रिकाम्या खोबणीसमोर बसलाय. लाकूड नाही, विस्तव नाही. तरी खोली तापतेय. त्याची सावली मागच्या भिंतीवर — उजेड कुठून —

हाक मारली. किती दिवसांनी. "जयू, ये ना. बस अशी जवळ." जाऊ नये, कळतंय. पण मला बोलावलं. तिला नाही, मला —

बसले. माझा डावा हात धरलाय त्यानं. ऊब. छान —

विटांकडे बघून हळूच म्हणाला, "बघ, आणली हिला."

हात सोडत नाही — कढत — विटांच्या आतून कुणीतरी माझा दुसरा हात —