काकांनी मान वर केली तेव्हा

शनिवार, सनीव्हेल

टेप तीनदा पाहिली. माझी चूक होत नाहीये. कित्येक वर्षांपूर्वीची राष्ट्रीय पुरुष कर्लिंग स्पर्धा, फायनल, दिलीपकाकांच्या टीमचा शेवटचा दगड. बर्फावरून सरकणाऱ्या दगडापुढे काका झाडू मारतायत. झाडू दगडाला लागतो, आणि काका क्षणभर मान वर करून बघतात. कुणाच्याच लक्षात येत नाही. मग जिंकल्याचा जल्लोष.

या खेळात झाडू दगडाला लागणं म्हणजे फाउल, आणि तो ज्याचा त्यानेच सांगायचा असतो. मला तर आईने घरीच शिकवलं. माझी गणितं मीच तपासायची, लाल पेन माझ्याच हातात. उद्या क्लबमध्ये काकांचा सत्कार आहे आणि ही टेप मीच लावणार. गप्प बसू? पण मी कोण त्यांना विचारणारी? तरी गेलेच त्यांच्या घरी.

"काका, झाडू लागला होता ना?"

"दिसतं का गं टेपमध्ये?"

"तुम्ही मान वर करता, त्यावरून कळतं."

काका हसले. "डेंजरस आहेस यार तू! समोरची टीम काही बोलते का, ते बघत होतो. अजून बघतोच आहे."

"तेवढा भाग कट करू?" विचारलं खरं. पण केला असता का मी? नाही.

"अजिबात नाही. मी मान वर केली की तिथेच पॉज कर, आणि माइक मला दे."

उद्या रिमोट माझ्या हातात. बोट चुकणार नाही.