ओमेशच्या वहीतली अकरा पानं

हैदराबाद
ता. १२ ऑक्टोबर २०२५

ओमेशभाऊ,

रामराम. शामकलामावशीले पाया पडतो म्हणून सांग. दुर्गेश्वरीचे पेपर कसे गेले? धान लोंबीवर आला असेल, तुडतुडा किती लागला तेही कळव. मी बरा आहो. खोलीवर साकोलीकडचे दोघे आहेत, भात आपल्यासारखाच भेटते.

पंधरा दिवस झाले, तुझा फोन उचलून नाही राहिलो. तू म्हणत असशील, टिंकूले शहराचं पाणी लागलं. तसं नाही. फोनवर तुझा आवाज ऐकला की मी खोटं बोलीन, म्हणून लिहून राहिलो. सातवीतून शाळा सोडलेल्याचं अक्षर आहे, सांभाळून वाच.

दिवाळीनंतरची मंडईची जत्रा झाल्यावर इकडे यायचं ठरलं होतं, ते थांबव. राइस मिलमध्ये काम सोडतो म्हणून सांगितलं नसशील तर सांगू नको. तुझ्या कमरेचं मले माहीत आहे. डॉक्टरनं पोतं उचलायचं नाही म्हटलं तेव्हा मीच सोबत होतो. तू चित्र काढ, बाकी मी पाहतो, असंही मीच म्हटलं होतं.

तुले चित्राचं काम देतो म्हणाला तेव्हा सेठ खोटा नव्हता. आमच्या दुकानात टी-शर्टवर आणि मोबाइलच्या कव्हरवर अ‍ॅनिमे छापतात, मोठ्या डोळ्यांचे, उडत्या केसांचे जपानी कार्टून. कॉलेजची पोरं त्याच्यासाठीच येतात. मी सोबत आणलेली तुझी वही पाहून सेठनं गल्ल्यावरचा चष्मा शोधून लावला. दिवाली के बाद बुला ले, म्हणाला. मी त्या दिवशी दोन वेळा जेवलो.

मग त्याच्या साळ्यानं त्याले सांगितलं का आता मशीनले बोललं की चित्र निघते. सेठनं तीन अ‍ॅप मोबाइलमध्ये टाकून दिले आणि म्हणाला, तुझे इसकी समझ है, अ‍ॅनिमे के लिए कौन सा अच्छा है देख के बता. मले वाटलं बरं झालं. तिन्ही हरतील, मग तुझी किंमत सेठले आणखी कळेल. म्हणून परीक्षेले तुझंच चित्र घेतलं. आपली बहीण दुर्गेश्वरी, तलावाच्या पाळीवर, तुडुमाचं दार उघडून धानाच्या बांध्यांत पाणी सोडायले वाकलेली, केस वाऱ्यावर, लढाईले निघाल्यासारखी.

पहिल्यानं तलावामागे बर्फाचा डोंगर उभा केला. मी एकटाच हसलो. दुसऱ्यानं चेहरा चांगला काढला, पण हाताले सहा बोटं. तिसऱ्याचा रंग, डोळे, सगळं चोख, पण पाळच उलटी. बांध्या वर आणि पाणी खाली. आता सांग, असा तलाव कोणी बांधते काय?

तिथंच थांबायचं होतं, भाऊ. तिसराही बेकार आहे म्हणायचं आणि मोबाइल परत द्यायचा. पण मले राहवलं नाही. आपल्या आज्या-पणज्यानं खांद्यावर माती वाहून पाळी घातल्या, आणि हे कोण कुठचं यंत्र आपला तलाव उलटा दाखवते? मी त्याले सांगत बसलो. मोबाइलवर लिहिता येत नाही तर माइकवर हिंदीत बोललो. पाळ उतारावर असते. पाणी एका अंगाले, बांध्या दुसऱ्या अंगाले. तुडुमाचा दगड असा, पायऱ्या तशा. पाळीवर मोहाचं झाड. ते चुके, मी दुरुस्त करी. चार दिवस. शिकेना तेव्हा तुझ्या वहीतल्या पानांचे फोटो काढून दिले. एक, मग दुसरं. अकरा झाले.

पाचव्या दिवशी बरोबर निघालं. एवढं बरोबर का मले गावची आठवण आली. त्याच खुशीत सेठले दाखवलं. पहा, कसं शिकवलं याले, असंही म्हणालो.

आता ते टी-शर्टवर छापून दुकानात लटकून आहे. काल एक पोरगी दुर्गेश्वरीले अंगात घालून गेली. मावशीले हे सांगू नको. सेठ म्हणते बाकीची पानंही दे. म्हणून वही या चिठ्ठीसोबत पाठवून राहिलो. दिली नाहीत, ती पानं तुझी आहेत. दिली त्यांच्यावर खूण केली नाही, करवत नव्हती.

तुझ्याबद्दल मी सेठले विचारलं होतं, भाऊ. भांडलोही. म्हटलं, हाताचं ते हाताचं, मशीनले ते येत नाही. तो रागावला नाही. त्यानं तुझ्या चित्राचा आणि मशीनच्या चित्राचा एकाच मापाचा एकेक कागद छापला, टेबलावर बाजूबाजूले ठेवला आणि म्हणाला, "इसमें तेरे भाई का कौन सा है?"

मी नीट पाहिलं. घाई केली नाही. लहानपणापासून तुझ्या बाजूले बसून तुले चित्र काढताना पाहत आलो आहो. मी बोट ठेवलं.

ते मशीनचं होतं.

सेठ हसलाही नाही. "बस," म्हणाला, आणि दोन्ही कागद उचलून नेले.

तुझा म्हणवत नाही,
टिंकू