आमचा ळ अन् त्यांचं नवं व्हर्जन

१२ जून २००७, हिंगोली
घात केला. ताईला पुस्तकं वाचून दाखवणारा फुकटचा प्रोग्राम, त्याचं नवं व्हर्जन नेटवरून उतरवून सरळ जुन्यावर टाकलं. वर्षभरात त्याच्या कोडमध्ये केलेल्या माझ्या दुरुस्त्या पुसल्या. तिला दिसत नाही, बीएचा सारा अभ्यास त्या आवाजावर.
"हे कळमनुरीला पुन्हा कलमनुरी म्हणून राहिलं. काहून रे?"
जुन्या फायली शोधत बसलो.

१४ जून
'ज्ञान' शब्द आला की प्रोग्राम बंदच पडतो. कोणती ओळ बदलली होती, आठवेना. शिकवायला जातो त्या कॉम्प्युटर क्लासमध्ये पोरांवर उगाच ओरडलो. ताईची परीक्षा तोंडावर.

१७ जून
बदललेल्या ओळी सापडल्या एकदाच्या. आता सबव्हर्जनमध्ये, म्हणजे कोडचा प्रत्येक बदल जपून ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये, दोन शाखा. एकीत बाहेरचा कोड, आला तसा, हात लावायचा नाही. दुसरीत आमचा, प्रत्येक दुरुस्ती वेगळी, कारणासकट. नवं व्हर्जन पहिलीत टाकायचं, झालेला फरक दुसरीत ओढायचा.
दोन्ही दुरुस्त्या, ळची अन् 'ज्ञ'ची, मूळवाल्यांना, म्हणजे प्रोग्राम बनवणाऱ्यांना मेल केल्या. घेतल्या तर सुटलो.

२६ जून
उत्तर आलं. 'ज्ञ'ची घेतली. ळची नाही. तो नियम हिंदीलाही लागू, तिकडचे उच्चार बिघडतात. बराबर आहे त्यांचं. तरी दिवसभर चिडचिड. म्हणजे ही दुरुस्ती दर व्हर्जनला आपणच वाहायची.

३ जुलै
पुण्याहून नोकरीचं बोलावणं. ताईला बोललो नव्हतो.
"चकरा मारून राहिला नुसता. पुण्याला जायचंय ना?"
म्हटलं, इथं नवं व्हर्जन कोण जोडणार?
"मला शिकव."
कोड ऐकून जमत न्हाई, म्हणालो. ताट उचलून आत गेली.

८ जुलै
शिकवतोय. कंस, स्वल्पविराम, सगळं ताई मशीनकडून वाचून घेते. माझा हात कीबोर्डकडे गेला की चापट.

१५ जुलै
नवं व्हर्जन आलंच. ताई बसली. ळच्याच ओळीवर अडलं, मूळवाल्यांनीही तीच बदललेली. त्यांची ठेवायची, आमची, की दोन्ही जुळवायच्या? मी तोंड उघडलं.
"बाहेर जा. मला ऐकू दे."
ओट्यावर आलो. पुण्याला उद्या कळवायचंय. आत मशीन एकच ओळ परत परत वाचतंय. मध्येच ताई, "थांब!"
मशीनला म्हणाली, की मला, जाऊ नको म्हणून...